घाटमाथ्याचं पाणी

(दृश्य: आंबोली घाट, जुलै. धुकं. समोरून येणाऱ्या एसटीचे दिवे.)

कोकणात फिरायला निघालेली गाडी बहुतेक वेळा थेट किनारा गाठते. आज आपण ती उलटी वळवू. सावंतवाडीहून बेळगावचा रस्ता धरायचा आणि घाट चढायचा.

आंबोली. उंची सुमारे ६९० मीटर. अरबी समुद्रावरून आलेले ढग इथे सह्याद्रीला भिडतात, वर चढतात, गार होतात आणि रिते होतात. वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. रस्त्यालगतचा मोठा धबधबा तुम्हाला ठाऊक असेलच. शनिवार-रविवारी तिथे पाण्यापेक्षा माणसंच जास्त कोसळतात. भिजा, कणीस खा आणि पुढे चला.

(दृश्य: हिरण्यकेशी मंदिर, गुहा, कुंड.)

हे हिरण्यकेशीचं उगमस्थान. मघाच्या धबधब्याचं पाणी घाट उतरून कोकणात जातं. ही नदी मात्र शेजारच्या समुद्राकडे पाठ फिरवते. आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. एकाच सरीतले दोन थेंब, पण जाणार देशाच्या दोन टोकांना.

इथल्याच पाण्यातून २०२० मध्ये माशाची एक नवी प्रजाती जगापुढे आली. तिचं नाव नदीवरूनच पडलं, 'शिस्टुरा हिरण्यकेशी'. पुढच्याच वर्षी शासनाने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तेव्हा कुंडात पाय बुडवण्याआधी जरा विचार करा.

(दृश्य: रात्र. टॉर्चचा उजेड, ओली पानं.)

आंबोलीत रात्री हॉटेलात बसून राहणं म्हणजे पैसे वाया. गावातला जाणता वाटाड्या बरोबर घ्या. पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला तर ते मलबार उडत्या बेडकाचं घरटं. अंडी फुटली की पिल्लं टपाटप खालच्या पाण्यात पडतात. आणि कातळावरच्या ओंजळभर डबक्यात दिसेल तो आंबोली टोड. या परिसराबाहेर तो जवळजवळ सापडतच नाही, आणि अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. डबकं आटायच्या आत त्याच्या पिल्लांना मोठं व्हावं लागतं. त्यामुळे पाऊल कुठे पडतंय ते बघून चाला. जळवा लागतील, त्याला इलाज नाही.

(दृश्य: रत्नागिरी-राजापूर भागातला सडा, सप्टेंबर.)

आता खाली उतरू. जांभ्या दगडाचं हे उघडं पठार म्हणजे सडा. एप्रिलात इथे अनवाणी पाऊल ठेववत नाही. सातबाऱ्यावर अशा जमिनीला 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला निकामी, म्हणतात, आणि जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणवाल्यांना तेवढं पुरतं. पण गणपतीच्या सुमारास या. 'सीतेची आसवं' नावाच्या निळ्या-जांभळ्या फुलांनी सडा झाकलेला असतो. दिसायला नाजूक, पण ही वनस्पती मांसाहारी! पाण्यात बुडालेल्या बारीक पिशव्यांत ती सूक्ष्म जीव ओढून घेते. शेजारची 'दवबिंदू' नावाची वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरते. कातळावरच्या वीतभर मातीत नत्र मिळत नाही, म्हणून ही शिकार. सच्छिद्र जांभ्यातून झिरपलेलं पाणी पुढे उतारावरच्या झऱ्यांना आणि विहिरींना जातं. एवढं सगळं करणारी जमीन खराबा कशी, हे आम्हाला तरी कळलेलं नाही. याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी माणसाने हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली. ती कातळशिल्पं बघायची तर गावातल्या कुणाला तरी सोबत घ्या, नाहीतर नकळत त्यांच्यावरूनच चालत जाल.

वाट थोडी वाकडी करून संगमेश्वर तालुक्यातलं मारळ गाठलंत, तर मार्लेश्वरच्या गुहेसमोर धारेश्वर धबधबा आहे. पायऱ्या भरपूर आहेत, गुडघ्यांचा अंदाज घ्या.

(दृश्य: उन्हाळे, राजापूर. कुंडं.)

शेवटचं ठिकाण जरा लहरी आहे. राजापूरजवळच्या उन्हाळे गावात अर्जुना नदीकाठी बारमाही गरम पाण्याचा झरा आहे, तो कधीही बघता येतो. पण वरच्या बाजूची चौदा कुंडं एरवी कोरडीच असतात. साधारण दर तीन वर्षांनी, अचानक, भर उन्हाळ्यातसुद्धा ती वाहू लागतात आणि काही आठवड्यांनी थांबतात. 'गंगा आली' ही बातमी पंचक्रोशीत पसरते आणि माणसं स्नानाला धावतात. अलीकडे ती तीन वर्षांचा हिशेबही पाळत नाही. त्यामुळे रजा आधी टाकू नका. राजापुरात कुणी ओळखीचं असेल तर त्यांना सांगून ठेवा, गंगा आली की एक फोन करा म्हणावं.