कवच आधी उघडले पाहिजे

मित्रहो, फोमला धातूचे रूप कसे द्यावे, हा आजचा जाहीर झालेला विषय आहे आणि त्यावर मी बोलणारच आहे. मात्र रंगाच्या डब्याला हात लावण्यापूर्वी माझा एक जुना हट्ट आपल्यापुढे मांडू द्या. एअरसॉफ्ट बंदुकीवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या झाडणाऱ्या खेळातल्या बंदुकीवर, विज्ञानपटातले फोमचे कवच चढवणारे बहुतेक जण चित्रापासून सुरुवात करतात. मॅगझीन कुठून निघणार, बॅटरी कशी बदलणार आणि चाप अडवून ठेवणाऱ्या सेफ्टीच्या खटक्यापर्यंत बोट पोहोचणार का, हे प्रश्न त्याआधी सुटायला हवेत, असे माझे म्हणणे आहे.

या बाबतीत चित्रपटांसाठी शस्त्रे घडवणारी मंडळी आपले खरे गुरू होत. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये साम्राज्याच्या सैनिकांच्या हाती दिसते ती मुळात ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगन, तर हान सोलोचे पिस्तूल म्हणजे जर्मन माउझर. १९८६ च्या ‘एलियन्स’मधली पल्स रायफल तर माझ्या विशेष जिव्हाळ्याची आहे. आत थॉम्पसन सबमशीनगन, तिच्याखाली आखूड केलेली रेमिंग्टन शॉटगन, आणि या दोघींना भविष्यातल्या शस्त्राचे रूप देणारे बाहेरचे कवच. कॅमेऱ्यासमोर तिच्यातून कोरी, म्हणजे गोळी नसलेली, काडतुसे खरोखर झाडली जात. त्यामुळे रिकाम्या पुंगळीला बाहेर पडायला वाट आणि मॅगझीनला निघायला जागा ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. तिचे देखणेपण या अडचणींतून घडले आहे, असे मी ठामपणे म्हणतो.

आता विकत मिळणारे तयार आराखडे पाहा. बाजूने पाहावे तर डोळ्यांचे पारणे फिटते आणि बंदूक आत बसवली की मॅगझीन अडकून बसते. समोर बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरी बॅटरी संपल्या दिवसापासून मुकी झालेली देखणी रायफल भिंतीवर टांगलेली आहे, त्यांनी हात वर करण्याची गरज नाही. चेहऱ्यांवरून समजते आहे.

म्हणून माप बंदुकीवरच घ्यावे. बॅटरी काढून तिला आधी पातळ प्लॅस्टिक आणि त्यावर मास्किंग टेप गुंडाळावी, हलणारा प्रत्येक भाग टेपवर पेनाने आखावा, मग ते साल कापून पुठ्ठ्यावर सपाट पसरावे. विजेवर चालणाऱ्या बहुतेक रायफलींची मोटर मुठीत असते आणि ती तापते, तेव्हा मुठीचा तळ झाकू नये. हॉप-अपमुळे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या रबरी उंचवट्यामुळे, ६ मिलिमीटरची गोळी उलटी फिरत सुटते आणि पुढे किंचित उचलली जाऊ शकते. म्हणून नळीपुढे लांब, अरुंद फोमचे तोंड जोडल्यास गोळी त्याच्याच छताला घासेल.

व्यासपीठावर चिठ्ठी आली आहे, त्यामुळे जाहीर विषय आता धावतपळत संपवतो. ईव्हीए फोम घ्यावा, म्हणजे चपलांच्या सोलचाच भाऊबंद. सपाट भागांना ६ मिलिमीटर, वरच्या नक्षीला २ मिलिमीटर. गणपतीच्या सजावटीतून आलेले हात सवयीने थर्माकोलकडे वळतात, पण सॉल्व्हंटवर आधारलेला रबरी गोंद थर्माकोलला विरघळवून टाकतो. पाते नवे आणि उभे धरावे. बोथट पाते फोम कापत नाही, फाडते. गोंद दोन्ही कडांना लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबावे आणि मगच कडा जुळवाव्यात, कारण एकदा टेकल्या की त्या सरकवता येत नाहीत. बॅटरीच्या झाकणाला गोंद नको, लोहचुंबक लावावेत.

रंगापूर्वी हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारे हत्यार, सतत फिरती ठेवून पृष्ठभाग शेकावा. त्याची चमक बदलली की छिद्रे मिटली असे समजावे. त्यावर लवचीक रबरी लेप द्यावा, कारण ताठर रंगाला फोम वाकताच भेगा पडतात. मग काळा थर, आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने केवळ कडांवर चंदेरी रंग. हाताची मूठ जिथे घासली जाते तिथे जास्त, खाचांत अजिबात नाही. तुम्हाला हवे असलेले धातूचे रूप ते एवढेच.

नळीच्या टोकाला खेळण्याची खूण म्हणून नारिंगी रंग असेल तर तो कवचाखाली दडवू नये, आणि रस्त्याने नेताना सगळे बंद पिशवीत न्यावे. तुमचे शस्त्र तेविसाव्या शतकातले आहे, हे नाक्यावरच्या हवालदाराला ठाऊक असण्याचे कारण नाही.