डावीकडे कलत गेलेलं विमान

श्रोते हो, नमस्कार. अहमदाबादचा १२ जून २०२५ चा अपघात आपण सगळ्यांनी मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिला. आज ज्या अपघाताबद्दल बोलणार आहे, त्याचं कसलंही चित्रण नाही. तो झाला आपल्याच समुद्रात, वांद्र्यासमोर, काळोखात. तारीख १ जानेवारी १९७८.

विमान एअर इंडियाचं बोइंग ७४७, नाव 'एम्परर अशोका'. कंपनीचं हे पहिलं जंबो, १९७१ साली आलेलं. त्या रात्री ते सांताक्रूझहून दुबईला निघालं होतं. दुबईचं विमान कोकणाला काही परकं नाही. खेड-चिपळूणकडच्या कितीतरी घरांची चूल आखातातल्या पगारावर पेटत आलीय. आत १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी. साडेआठनंतर विमानानं धावपट्टी सोडली आणि पश्चिमेला, थेट समुद्रावर गेलं. दोन मिनिटं व्हायच्या आत ते पाण्यात होतं. २१३ जणांपैकी कुणीही वाचलं नाही.

आधी घातपाताची बोलवा उठली. पण त्या ठिकाणी पाणी जेमतेम दहा मीटर. अवशेष हाती लागले, संभाषणाची टेपही मिळाली, आणि स्फोटाची खूण काही सापडली नाही. इंजिनंही बंद पडलेली नव्हती. मग धडधाकट विमान पडलं कसं?

वैमानिकासमोर एक यंत्र असतं, कृत्रिम क्षितिज. विमान सरळ आहे की कललंय, ते हे यंत्र दाखवतं. किनारा ओलांडताना विमानानं उजवीकडे हलकं वळण घेतलं आणि ते पुन्हा सरळ झालं. कॅप्टनसमोरचं यंत्र मात्र उजव्या कलावरच अडकून राहिलं. त्याला वाटलं, अजून उजवीकडेच झुकलोय. म्हणून त्यानं विमान डावीकडे वळवलं. यंत्र हलेना, म्हणून आणखी डावीकडे. शेवटी विमान नव्वद अंशांच्याही पलीकडे कललं आणि नाक खाली करून समुद्रात शिरलं.

तुम्ही म्हणाल, एवढं कललेलं माणसाला कळत नाही? नाही कळत. आपला तोल सांभाळणारं द्रव कानाच्या आत असतं. विमान हळूहळू कलत गेलं किंवा वळण लांबलं, की ते द्रव स्थिरावतं आणि 'सगळं सरळ आहे' असंच सांगत राहतं. अशा वेळी डोळ्यांचा आधार हवा. आणि ती रात्र कृष्णपक्षातली, चंद्र उगवायचा तो मध्यरात्रीच्या सुमाराला. रात्री मासेमारीला जाणाऱ्या तांडेलांना हे वेगळं सांगायला नको: काळोखात आभाळ कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं, ते दिसत नाही. पण होडी निदान पाण्यावर टेकलेली असते. वैमानिकाच्या पायाखाली तेवढंही नसतं.

माझं मन अडतं ते पुढच्या काही सेकंदांवर. कॅप्टन म्हणाला, माझं यंत्र बिघडलंय. सहवैमानिक म्हणाला, माझंही. त्याचं यंत्र बहुधा ठीकच होतं. ते कॅप्टनच्या यंत्राशी जुळत नव्हतं, एवढंच. कॉकपिटमध्ये तिसरं, राखीव यंत्रही असतं. इंजिनं आणि यंत्रणांवर लक्ष ठेवणाऱ्या फ्लाइट इंजिनिअरनं कॅप्टनला बजावलं, तुमच्या समोरच्या त्या यंत्रावर जाऊ नका. तोवर फार उशीर झाला होता.

चौकशीनं ठपका ठेवला तो कॅप्टनच्या चुकीच्या हालचालींवर. बाकीच्या यंत्रांच्या आधारे विमान सावरायला हवं होतं, असं म्हटलं. मृतांच्या नातेवाइकांनी अमेरिकेत विमान आणि यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला होता. तोही १९८५ साली फेटाळला गेला. निकाल कायद्यानं बरोबर असेल. पण 'वैमानिकाची चूक' म्हटलं की लोक फाइल बंद करतात, हे मला पटत नाही. खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो: तिघं एका खोलीत, दोघांना शंका आलेली, तरी विमान एकट्याच्याच नजरेनं का चाललं?

बरं, हे एकदाच घडलं असंही नाही. डिसेंबर १९९९ मध्ये लंडनजवळच्या स्टॅनस्टेडहून रात्री उडालेलं कोरियन एअरचं मालवाहू ७४७ असंच पडलं. कॅप्टनचं कृत्रिम क्षितिज बिघडलेलं, वळणही डावीकडचंच. दोन यंत्रं जुळत नाहीत, असा इशारा तिथे वाजत होता. फ्लाइट इंजिनिअर विमान कलतंय म्हणून ओरडत होता. सहवैमानिकाचं यंत्र ठीक होतं, पण तो गप्प राहिला. चौघेही गेले.

ज्येष्ठतेचा दरारा असा नडतो, हे ध्यानात घेऊन १९७९ पासून अमेरिकेत वैमानिकांच्या एकत्र कामाच्या प्रशिक्षणाचा विचार सुरू झाला. पुढे ते जगभर पसरलं. त्यातला एक नियम बऱ्याच विमान कंपन्या शिकवतात. काही चुकतंय असं दिसलं, तर सहवैमानिकानं मोठ्यानं सांगायचं. उत्तर आलं नाही, तर पुन्हा सांगायचं. दुसऱ्यांदाही कॅप्टननं दाद दिली नाही, तर तिसऱ्यांदा विचारत बसायचं नाही. 'विमान मी घेतो' म्हणायचं आणि घ्यायचं.

नमस्कार.