सातबारा ठाण्यात, शेत मुरबाडला

आधी एक विचारतो. किती जणांच्या नावावर गावी शेत आहे? हात वर करा. बरेच आहेत. आता यंदा ज्यांनी स्वतः लावणी केली, त्यांनीच हात वर ठेवा. दोनच राहिले! हसलात, पण सौर प्रकल्पांना जागा कुठली द्यायची यावर बोलायला मला बोलावलंत, आणि तो विषय या खाली आलेल्या हातांचाच आहे. त्यात माझाही आला.

मुरबाडजवळ आमची साडेतीन एकर भातशेती आहे. बावीस वर्षं ती अर्धेलीनं, म्हणजे निम्म्या पिकाच्या वाट्यावर, दादा करतात. यंदा फेब्रुवारीत सौर प्रकल्पासाठी जागा बघणारा एक एजंट तिथे आला. बांधावर उभं राहून मोबाइलवर नकाशा उघडला आणि म्हणाला, "सगळं पडीकच आहे." फेब्रुवारीतलं खाचर लांबून तसंच दिसतं. दादांनी त्याला खाली बसवलं. भाताच्या खुंटांमध्ये वाल उभा होता, नुसत्या ओलीवर आलेला. त्यांनी एक शेंग सोलून दाणे त्याच्या हातावर ठेवले. तो म्हणाला, "मालक कुठे असतात?" दादा म्हणाले, "मालक ठाण्यात. मी इथं असतो."

मग त्या एजंटचा मला फोन. शेतीला दिवसा वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं आहे, वर दरवर्षी ३ टक्के वाढ. म्हणजे गुंठ्याला साडेबाराशे, बसल्या जागी. मोह झाला, खोटं कशाला बोलू! दादांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "बांध ठेवतील का?"

हा प्रश्न नीट समजून घ्या. आपली खाचरं पायऱ्यांसारखी असतात. वरच्या खाचराचं पाणी बांधाच्या तोंडातून खालच्यात उतरतं. पॅनेलसाठी जमीन सपाट करून कुंपण घातलं, की खालच्या चार शेतकऱ्यांचं पाणी तरी तुटतं, नाहीतर सगळं एकदम त्यांच्या अंगावर येतं. त्यांची जमीन प्रकल्पात नाही, त्यांना भाडंही नाही. असे लोक विरोध करतात तेव्हा इथे आपण म्हणतो, गावाला विकास नको. दादांना दिवसा वीज हवीच आहे हो!

मी सही केली नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. ज्यासाठी बोलावलंत ते भराभर सांगतो. एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर लागतात. तेव्हा पहिली पाळी छपरांची. एका किलोवॉटला शंभरेक चौरस फूट पुरतात. दिघ्यापासून नेरुळपर्यंतच्या एमआयडीसीतले पत्रे मोजा. दुसरी पाण्याची: तेलंगणात रामगुंडमला जलाशयावर तरंगणारा १०० मेगावॉटचा प्रकल्प २०२२ पासून चालू आहे. एवढं करून शेत लागलंच, तर ग्रामसभेत कसणाऱ्याला बोलू द्या, भाड्यात त्याचा वाटा करारातच लिहा आणि बांध, पाण्याच्या वाटा नकाशावर आधी आखा.

नवी मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध जासईच्या लढ्यात पाच जण हुतात्मा झाले. त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले, पण भूखंड गेला सातबाऱ्यावरच्या नावाला. ज्यांचं तिथे नाव नव्हतं, त्या मजुरांना, अर्धेलीवाल्यांना त्यातलं काय मिळालं? इथे बेलापूर, तुर्भ्याची मंडळी बसली आहेत. प्रश्नोत्तरांत आधी त्यांना बोलू द्या.