दोन प्रोटॉन, दोन फेमटोमीटर

मित्रहो, ‘केंद्रकात एवढे प्रोटॉन दाटीवाटीने राहतात, मग तिथे विजेचं प्रतिकर्षण बंद पडतं का?’ असं मुलं विचारतात. ‘तिथे दुसरं, जास्त जोरदार बल असतं, केंद्रकीय बल’ एवढं सांगून आपण पुढे जातो. ते खरंच आहे. पण पहिल्या बलाचं काय झालं, हे त्यात येत नाही.

मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे फेमटोमीटर. दोन प्रोटॉन दोन फेमटोमीटरवर आले की विजेचं प्रतिकर्षण मोजणाऱ्या कूलोमच्या नियमाने त्यांच्यातला रेटा होतो सुमारे ५८ न्यूटन. सहा किलोची पिशवी हाताला ओढते, तेवढा! तोही एकेका प्रोटॉनवर.

१९३६ साली वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत ट्यूव्ह, हायडेनबर्ग आणि हॅफस्टॅड यांनी हायड्रोजनवर प्रोटॉनांचा झोत सोडला. ऊर्जा नऊ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास गेली, तेव्हा ४५ अंशांच्या कोनात निव्वळ प्रतिकर्षणाच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त प्रोटॉन आले. म्हणजे नियम मोडला? नाही. ऊर्जा चार लाखांच्या जवळपास असली की त्याच कोनात ते जवळजवळ नाहीसेच होतात. प्रोटॉन लाटेसारखेही वागतात; केंद्रकीय बलाच्या आकर्षणाने विखुरलेली लाट आणि विजेच्या प्रतिकर्षणाने विखुरलेली लाट तिथे एकमेकींना पुसून टाकतात. प्रतिकर्षण गेलेलं असतं, तर पुसायला दुसरी लाट आली कुठून?

तरीही कोणी म्हणेल, या टकरीत प्रोटॉन फार जवळ येतातच कुठे? रास्त शंका आहे. त्यासाठी मला सगळ्यात आवडणारा पुरावा निसर्गानेच मांडून ठेवलाय. ट्रिटियम, म्हणजे जड हायड्रोजनचा एक प्रकार, त्याच्या केंद्रकात एक प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन. हेलियम-३ मध्ये दोन प्रोटॉन, एक न्यूट्रॉन. केंद्रकीय बल या दोघांत फारसा भेद करत नाही. तरी ट्रिटियम फोडायला ८.४८ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट (मेगा म्हणजे दहा लाख) लागतात आणि हेलियम-३ ला ७.७२ पुरतात. फरक ०.७६. आता कागदावर दोन प्रोटॉन दोन फेमटोमीटरवर ठेवा: प्रतिकर्षणाची ऊर्जा येते ०.७२! हा ढोबळ हिशेब आहे. काटेकोर केला तर आकडा थोडा खाली येतो आणि उरलेला भाग इतर बारीक परिणामांचा निघतो. पण बहुतेक सगळा फरक त्या एका जोडीच्या प्रतिकर्षणाचाच. केंद्रकाच्या आत, घट्ट बांधलेले असतानाही, ते दोघे एकमेकांना ढकलतच असतात.

याहून जवळ? स्टॅनफर्डला हॉफस्टॅटर यांनी पन्नाशीच्या दशकात इलेक्ट्रॉन झाडून दाखवलं की प्रोटॉन म्हणजे बिंदू नव्हे, त्याचा प्रभार पसरलेला आहे. त्याची त्रिज्या आज साधारण ०.८४ फेमटोमीटर धरतात. म्हणून दोन प्रोटॉन एकमेकांत शिरले की बिंदूंसाठीचं सूत्र चालत नाही, रेटा अनंताकडे जात नाही. तिथे खोटी ठरते ती बिंदूची कल्पना. प्रभाराच्या एकेका कणाला तोच नियम लागू राहतो.

आणि अगदी खोलवर, फेमटोमीटरच्या पाचशेव्या भागापर्यंत, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच धन प्रभाराचा जुळा) यांच्या टकरींतून पाहिलं गेलं. विद्युतबलाचं माप सांगणारा १/१३७ हा आकडा तिथे १/१२८ च्या आसपास जातो. म्हणजे इतक्या जवळ विद्युतबल मंदावत नाही, उलट किंचित बळावतं.