कुठल्या वारी ऑफिस?

(दृश्य : ठाणे स्टेशन, प्लॅटफॉर्म 9 आणि 10. जिन्यावरून उतरणारी गर्दी.)

मंगळवार, सकाळचे पावणेनऊ. कल्याण-डोंबिवलीकडून आलेली लोकल पलीकडे रिकामी झाली की मिनिटभरात पूल भरतो आणि पुढच्या मिनिटाला हा जिना. पाठीवरची काळी बॅग आता छातीवर घेतलेली. आयकार्डाची पट्टी गळ्यातून काढून खिशात कोंबलेली, कारण ती दारात कुणाच्या तरी बॅगेच्या चेनमध्ये हमखास अडकते. पनवेल गाडी अजून लागायची आहे, पण डबा कुठे येणार हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि पावलं बरोबर तिथेच थांबतात.

ही माणसं मुंबईला निघालेली नाहीत. ती चालली आहेत ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे या बाजूला.

याच प्लॅटफॉर्मवर शुक्रवारी याच वेळी या. आरामात उभं राहता येतं असं म्हणायची हिंमत ठाण्यात कुणी करणार नाही. पण काळ्या बॅगा कमी दिसतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं लॉगिन आज घरून आहे.

(दृश्य : ठाण्याची खाडी. ऐरोली पुलावरून दिसणारी पाणथळ जागा, मागे काचेच्या इमारती.)

गंमत अशी, की ही गाडी ज्या नवी मुंबईकडे चालली आहे ते शहरच मुळी प्रवास कमी व्हावा म्हणून वसवलं गेलं. 1960च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी एक कल्पना मांडली. मुंबई उत्तर-दक्षिण लांबत चालली आहे, सकाळी सगळे दक्षिणेला, संध्याकाळी सगळे उत्तरेला. तेव्हा कामाची ठिकाणंच खाडीपलीकडे न्या, माणसं आपोआप तिथे राहतील. 17 मार्च 1970 रोजी हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. सरकारी कचेऱ्यांनी आधी पलीकडे जावं आणि बाकीच्यांनी मागून यावं, असा बेत होता.

मंत्रालय काही हललं नाही. उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भराव पडत गेला आणि तिथेच टॉवर उभे राहिले. बेलापूरला कोकण भवन आलं, सिडको भवन आलं, कोकण रेल्वेचं मुख्यालय आलं, पण सत्ता तिकडेच राहिली. वाशीचा पूल 1973चा. मानखुर्दहून रेल्वे वाशीला पोहोचली 1992 साली. ठाण्याहून वाशीकडे प्रवासी गाडी धावायला 2004 उजाडलं. तोवर ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे रसायनांचे कारखाने एकेक करून मिटत चालले होते आणि त्यांच्या जमिनींवर आयटी पार्क उगवत होते. नोकऱ्या शेवटी आल्या खऱ्या. मात्र त्या करणाऱ्यांना परवडणारी घरं होती दिव्यात, डोंबिवलीत, बदलापुरात.

म्हणजे काम खाडीपलीकडे आलं आणि माणूस आणखी लांब गेला. आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम करणं ही त्या जुन्या योजनेचीच उलट्या बाजूनं केलेली दुरुस्ती आहे, असं आम्हाला वाटतं. ऑफिस घराजवळ नेता आलं नाही. मग काही दिवस निदान काम तरी घरी आणा.

(दृश्य : 2020. रिकामे रूळ, बंद तिकीट खिडक्या.)

मार्च 2020 मध्ये लोकल थांबली आणि कंपन्यांनी रातोरात लॅपटॉप वाटले. तोवर कॉल सेंटरसारख्या कामांना दूरसंचार खात्याचे कडक नियम होते. ऑपरेटरनं घरी बसून फोन घ्यायचा तर परवानग्या आणि बँक हमी यांचं झेंगट असे. ते नियम नोव्हेंबर 2020 मध्ये सैल झाले. ऐरोलीतल्या आयटी पार्कांना आणखी एक अडसर होता. ती जागा सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात मोडते, आणि सेझच्या करसवलती त्या कुंपणाच्या आतल्या कामाला असतात. जुलै 2022 मध्ये सेझच्या नियमावलीत 43 अ हा नियम घातला गेला आणि निम्म्यापर्यंत कर्मचाऱ्यांना घरून कामाची मुभा कागदावर आली. पुढे ती आणखी वाढवली गेली. ‘हायब्रिड’ची, म्हणजे काही दिवस ऑफिस आणि काही दिवस घर या पद्धतीची चर्चा आपण मॅनेजरच्या मर्जीवर करतो, पण अशी सरकारी कलमंही त्यात आहेत.

(दृश्य : दिवा पूर्व. चाळवजा इमारतीतलं घर, सकाळ.)

दिव्यात राहणारी आणि ऐरोलीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी एक मुलगी घ्या. घर ते खुर्ची दीड तास धरला, तर जाऊन-येऊन तीन तास. आठवड्याला दोन दिवस घरून म्हणजे सहा तास हातात. या सहा तासांचं ती काय करते? व्यायाम, छंद, इंग्रजीचा क्लास वगैरे उत्तरं जाहिरातीत असतात. ती झोपते. सहाचा गजर त्या दिवशी साडेसातला लावलेला असतो. उरलेल्या वेळात बँकेतलं केवायसी, आईचं रक्त तपासायला देणं, गॅसवाला. एरवी हे सगळं शनिवारी करावं लागायचं, म्हणून शनिवारही तिला परत मिळाला.

कंपनीला यात काय मिळतं, याचं बऱ्यापैकी पक्कं उत्तर आहे. 2021-22 मध्ये शांघायच्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत 1,612 कर्मचाऱ्यांवर सहा महिने प्रयोग झाला. ज्यांची जन्मतारीख विषम, त्यांना बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम करायची मुभा. सम तारखेवाल्यांना पाचही दिवस ऑफिस. (ज्योतिषीबुवांनी फार खूश होऊ नये, चिठ्ठ्या टाकण्याऐवजी काढलेली ही सोय होती.) हायब्रिडवाल्यांत नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं. ते सर्वांत जास्त घटलं मॅनेजर नसलेल्यांत, स्त्रियांत आणि लांबून येणाऱ्यांत. पुढची दोन वर्षं बढत्या आणि कामाचे शेरे तपासले. त्यात फरक सापडला नाही. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 2024 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. सुरुवातीला काम घटणार असं म्हणणाऱ्या मॅनेजरांचं मत शेवटी थोडं उलटीकडे झुकलं होतं.

‘लांबून येणाऱ्यांत’ हा शब्द ऐकला की प्लॅटफॉर्म 9 वरची काळी बॅग डोळ्यांपुढे येते.

(दृश्य : कोपरखैरणे, सिडकोची छोटी घरं. दाराशी चपला, आत मिक्सरचा आवाज.)

मग पाचही दिवस घरून का नको? या घरात या, लगेच कळेल. बाहेरच्या खोलीत टीव्ही, आतल्या खोलीत ओटा. लॅपटॉप ठेवायला शिलाई मशिनचं टेबल. साडेअकराला क्लायंटचा कॉल आणि साडेअकरालाच कुकरची तिसरी शिट्टी. म्यूट-अनम्यूटच्या कसरतीत सासूबाई दारातून डोकावतात.

“अगं, तू घरीच आहेस ना? मग जरा पाण्याच्या मोटरकडे बघ की.”

“आई, मीटिंग चालू आहे.”

“हो हो, चालू दे. मोटर तेवढी बंद कर.”

सासूबाईंचं काही चुकत नाही. घरात बसलेलं माणूस रिकामं असतं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे आणि ती वाय-फायनं बदलत नाही. घरून कामाचा दिवस बाईला बाळगायचा असेल, तर तो घरातल्यांनीही कामाचा दिवस म्हणून मान्य करावा लागतो. नाहीतर दोन नोकऱ्या एका खोलीत होतात. बाळंतपणाच्या रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर दोघांच्या संमतीनं घरून काम करता येतं, हे मातृत्व लाभ कायद्यात 2017च्या दुरुस्तीनं लिहिलं गेलं. मागणाऱ्या फार दिसत नाहीत.

दुसरं टोक घणसोलीत. चार पोरं मिळून एक वन बीएचके भाड्यानं, गावाहून आलेली, पहिलीच नोकरी. त्यांना ऑफिस हवंच असतं. तिथे एसी आहे, कॅन्टीन आहे, आणि मुख्य म्हणजे शेजारी बसलेला दादा आहे. कोड अडला की तो आपली खुर्ची सरकवतो, स्क्रीनवर बोट ठेवतो, “हे बघ, एरर इथे नाहीये, वरच्या चार ओळी वाच.” चाळीस सेकंदांचं काम. घरून हाच प्रश्न चॅटवर टाकायला तो पोरगा अर्धा तास विचार करतो, कारण लिहिला की तो अडाणी दिसेल. त्याच ट्रिप डॉट कॉमचा, तेव्हाच्या सीट्रिपचा, 2010-11 मधला प्रयोग सांगण्यासारखा आहे. कॉल सेंटरच्या लोकांना आठवड्यातले चार दिवस घरी बसवलं. काम 13 टक्क्यांनी वाढलं. प्रयोग संपल्यावर निवडीची मुभा मिळाली, तेव्हा घरी बसलेल्यांपैकी जवळपास निम्मे ऑफिसात परतले. एकटं वाटत होतं. शिवाय तेवढंच चांगलं काम करूनही बढतीच्या वेळी ते मागे पडत होते.

मायक्रोसॉफ्टनं 2020च्या सुरुवातीच्या महिन्यांत आपल्या 61,182 कर्मचाऱ्यांचे संपर्क तपासले. सगळे घरी गेल्यावर लोक आपल्याच टीमशी घट्ट बोलत राहिले आणि दुसऱ्या टीमशी बोलणं आटलं. कॅन्टीनच्या रांगेत अकाउंट्सवाला भेटतो, तिथे जे चार शब्द होतात, त्यांची मीटिंग कोणी लावत नाही.

(दृश्य : ऐरोली, आयटी पार्कचं गेट. कार्ड स्वाइप होताना हात.)

आता खरा मुद्दा. आठवड्यात किती दिवस, यावर कंपन्या आणि कर्मचारी भांडत बसतात. त्याहून मोठा प्रश्न आहे, कोणते दिवस. टीममधले तिघे सोमवारी येतात, चौघे गुरुवारी, टीमचा लीड पुण्यात. मग दिव्याहून दीड तास लोंबकळत आलेली ती मुलगी दिवसभर हेडफोन लावून पुण्याशी बोलते आणि परत दीड तास लोंबकळत जाते. याला ऑफिस म्हणायचं? स्वाइप करून, कॉफी पिऊन दुपारी सटकणारे तयार होतात ते यातूनच. त्यांना नावं ठेवण्याआधी त्यांचं रोस्टर बघावं. शांघायच्या प्रयोगात घरचे वार ठरलेले होते, म्हणून उरलेल्या तीन दिवशी सगळे समोरासमोर होते. एकत्र बसून करायचं ते त्या दिवशी, आणि एकट्यानं डोकं घालून करायचं ते घरी. शेजारच्या दादाचा फायदाही दादा त्याच दिवशी आला तरच.

पण वार ठरवायला गेलं की सगळ्यांना मंगळवार, बुधवार, गुरुवारच सुचतात. मग गर्दीचं काय?

(दृश्य : दिवा-मुंब्रा वळण. दारात लोंबणारे प्रवासी.)

9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या दोन लोकल एकमेकींशेजारून गेल्या आणि दारातले प्रवासी खाली पडले. माणसं गेली. त्यानंतर कचेऱ्यांच्या वेळा बदलण्याची चर्चा पुन्हा निघाली. ही मागणी जुनीच. मध्य रेल्वेनं 2023 मध्ये सीएसएमटीतल्या आपल्या कार्यालयात दोन वेळा लावून पाहिल्या होत्या आणि इतर कार्यालयांनाही तसं सुचवलं होतं. वेळ बदलणं चांगलंच, पण गाडीतला माणूसच कमी होणं त्याहून चांगलं.

आणि इथे ज्यांना हायब्रिड कधीच मिळणार नाही त्यांचा संबंध येतो. तुर्भ्याच्या एपीएमसीतल्या, म्हणजे घाऊक बाजारातल्या माथाडीला गोणी घरून उचलता येत नाही. रबाळे एमआयडीसीतला मशिन ऑपरेटर, आयटी पार्कच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला, चौथ्या मजल्यावर लादी पुसणाऱ्या मावशी यांना रोज यावंच लागतं, आणि तेही याच गाडीनं. मावशींची शिफ्ट सातला सुरू होते, तेव्हा त्या आधीच्या गाडीत असतात. संध्याकाळी मात्र सगळे एकत्र. काळ्या बॅगा पाच दिवसांत नीट वाटल्या गेल्या तर ऑपरेटरला दारातून आत शिरायला जागा होईल. टपरीवाल्याचाही शुक्रवारचा धंदा बसणार नाही. आत्ता तो शुक्रवारी निम्मंच पीठ भिजवतो, आणि कुठली कंपनी कुठल्या वारी भरते हे त्याला एचआरपेक्षा जास्त पाठ असतं.

कल्याणकडून येणाऱ्याला ठाण्यात न उतरता थेट नवी मुंबईला जाता यावं म्हणून कळवा-ऐरोली उन्नत रेल्वेमार्ग आखलेला आहे. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी 2024 मध्ये सुरू झालं. मार्ग बाकी आहे, कारण वाटेत लोकांची घरं आहेत आणि त्यांचं पुनर्वसन व्हायचंय. त्याला जेवढी वर्षं लागायची तेवढी लागतील. एका आयटी पार्कातल्या आठ-दहा कंपन्यांनी आपापसांत वार वाटून घ्यायला मात्र भूसंपादन लागत नाही. सोमवार-मंगळवार कोणाचा, गुरुवार-शुक्रवार कोणाचा, एवढंच ठरवायचं आहे. एचआरवाल्यांची एक मीटिंग पुरे, आणि ती घरून घेतली तरी कुणाची हरकत नाही.