आठ गोळे मातीचे

कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय ‘आठ विवाहप्रकार’ असा छापला आहे. त्याकडे येतोच, पण आधी वेगळं थोडं बोलू द्या. ‘वैदिक पद्धतीनं छत्तीस गुण जुळवले’ असं लोक सर्रास सांगतात आणि मला ते खरोखर खटकतं. गृह्यसूत्रं, म्हणजे लग्न-मुंजीसारखे घरचे विधी सांगणारे जुने ग्रंथ, उघडून पाहा. लग्नाला नक्षत्र कोणतं घ्यावं ते तिथं आहे, मुलामुलीच्या कुंडल्या जुळवणं नाही.

मग मुलगी पसंत करायची कशी? आश्वलायन, म्हणजे आपल्याकडच्या ऋग्वेदी घरांचा सूत्रकार, म्हणतो: आधी कूळ पाहा, आईकडचं आणि वडिलांकडचं. मुलगी बुद्धी, रूप, शील, लक्षणं असलेली आणि निरोगी हवी. आणि लगेच पुढच्या सूत्रात, ‘दुर्विज्ञेयानि लक्षणानि’. लक्षणं कळणं कठीण! नियम सांगणारा माणूस इतकं मोकळेपणानं बोलतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

म्हणून मातीचे आठ गोळे करायचे. माती कुठली? वर्षाला दोन पिकं देणाऱ्या शेतातली, गोठ्यातली, यज्ञ झालेल्या वेदीवरची, न आटणाऱ्या डोहातली. मग जुगाराच्या जागेची, चव्हाट्यावरची, खारवट ओसाड रानातली आणि स्मशानातली. गोळ्यांवर ‘ऋतमग्रे प्रथमं जज्ञे’ हा मंत्र म्हणायचा आणि मुलीला सांगायचं, यातला एक उचल. शेताचा उचलला तर संततीला अन्नाची ददात नाही, गोठ्याचा तर गुरंढोरं, वेदीचा तर ब्रह्मतेज, डोहाचा तर सगळीच भरभराट. जुगाराचा निघाला तर मुलगी जुगारी, चव्हाट्याचा तर दोन दिशांना भटकणारी, ओसाड रानाचा तर दरिद्री आणि स्मशानाचा निघाला तर नवऱ्याच्या जिवावर उठणारी. चार बरे, चार वाईट.

आता अडचण बघा. गोठ्यातल्या मातीला शेणाचा वास, डोहातली चिकण, खारवट जमिनीतली भुसभुशीत. गोळे वेगळे दिसले तर परीक्षा संपलीच. म्हणून गोभिल हा दुसरा गृह्यसूत्रकार सांगतो, गोळे सारखे करा आणि त्यांवर खुणा करा, म्हणजे कुठला कुठला ते नंतर कळेल. शिवाय सगळ्या माती एकत्र करून तो नववा गोळा घालतो. तो उचलला तरी चालेल, असं काहींचं मत त्यानं नोंदवलंय. पण त्याचं पहिलं म्हणणं असं की लक्षणं जाणणारा कुशल माणूस मिळाला तर त्यालाच विचारा. गोळे तो मिळाला नाही तर. आपस्तंब हा आणखी एक सूत्रकार, तो परीक्षेच्या वस्तू झाकून ठेवतो, पण तोही ‘जमल्यास’ म्हणतो. आणि त्यानं दिलेलं एक मत तर असं, की जिच्यावर मन आणि डोळा जडेल तिच्याच ठायी समृद्धी, बाकीचं बघू नये!

भारद्वाज या सूत्रकाराचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. लग्नाची कारणं चार: पैसा, रूप, प्रज्ञा, नातेवाईक. चारही जमत नसतील तर पैसा आधी सोडा, मग रूप. प्रज्ञा की नातेवाईक यावर वाद आहे, पण काही म्हणतात नातेवाईक सोडा. बुद्धी नसलेल्याशी संसार कसला?

वेळ संपत आली, तेव्हा विवाहाचे आठ प्रकार भरभर घेतो. ब्राह्म, दैव, प्राजापत्य, आर्ष हे मान्य. आर्षात वराकडून गाय-बैलाची जोडी येते. तिला शुल्क, म्हणजे मुलीची किंमत, म्हणणाऱ्यांना मनू खोटं ठरवतो. गांधर्व म्हणजे दोघांनी आपसांत ठरवलेलं, आसुर म्हणजे पैसे देऊन, राक्षस बळानं पळवून, पैशाच झोपेत वा बेसावध असताना. हे शेवटचे दोन आठांत मोजले म्हणून संमत ठरत नाहीत. मनू पैशाचाला सर्वांत अधम म्हणतो. आसुराबद्दलचे वाद आता घेता येणार नाहीत, प्रश्नोत्तरांत विचारा.