लोगो शर्टावर भरून घेताय? आधी उलटी बाजू बघा

(हातात पोलो शर्ट. छातीवरचा लोगो कॅमेऱ्याजवळ.)

नमस्कार! हा शर्ट समोरून छानच दिसतोय. पण भरतकाम कसं झालंय हे समोरून पूर्ण कळत नाही. म्हणून मी तो उलटा करते.

(शर्ट उलटा करून.)

या अक्षराच्या मधोमध पांढरी पट्टी दिसतेय? तो मशीनच्या बॉबिनचा, म्हणजे खालून येणारा दोरा. मधला साधारण एक तृतीयांश भाग पांढरा आणि दोन्ही कडांना वरचा रंगीत दोरा, असं दिसलं की दोऱ्याचा ताण बरोबर आहे. पांढरा दिसतच नसेल तर वरचा दोरा सैल पडलाय. आणि सगळं पांढरंच दिसत असेल तर वरचा दोरा जास्त घट्ट आहे, मग समोरच्या बाजूलाही पांढरे ठिपके डोकावायला लागतात. कंपनीचे शर्ट, टोप्या, एप्रन, काहीही भरून घेताना नमुना हातात आला की पहिलं काम हे करा.

आता मूळ मुद्दा. बरेच जण भरतकामाकडे छपाईसारखं बघतात. लोगोची फाइल पाठवली, तो उमटून येईल, असं त्यांना वाटतं. पण शाई कापडावर बसते, आणि इथे सुई कापडातून आरपार जाते, हजारो वेळा. छातीवरचा नऊ-दहा सेंटिमीटर रुंदीचा लोगो सहज 5,000 ते 10,000 टाक्यांचा होतो, आणि त्यातला प्रत्येक टाका कापड थोडं थोडं ओढत असतो. म्हणून लोगो दोऱ्यासाठी नव्याने घडवावा लागतो. या कामाला डिजिटायझिंग म्हणतात. माझ्या मते सगळा दर्जा इथेच ठरतो. महागडं मशीन वगैरे नंतरच्या गोष्टी.

डिजिटायझिंग करणारा माणूस कुठला भाग आधी भरायचा, टाके कुठल्या दिशेने जायचे, कुठे कुठला टाका वापरायचा, हे ठरवतो. बारीक रेषांना साधा धावदोरा. अक्षरांना आणि कडांना सॅटिन, तोच चकचकीत, उठून दिसणारा टाका. पण सॅटिनची पट्टी सात-आठ मिलिमीटरपेक्षा रुंद झाली की टाका लांब पडतो आणि बटणात, पिशवीच्या चेनमध्ये अडकून ओढला जातो. म्हणून मोठ्या जागा छोट्या छोट्या टाक्यांच्या ओळींनी भरायच्या. आणि या सगळ्याच्या खाली आधाराचे विरळ टाके घालायचे, त्याला अंडरले म्हणतात. ते समोरून दिसत नाहीत, पण ते नसतील तर वरचं काम कापडात बुडतं आणि कडा वाकड्या होतात.

(टॅबलेटवर डिझाइन दाखवत.)

हे गोल बघा. स्क्रीनवर ते थोडं आडवं, लंबगोल दिसतंय. चूक नाहीये ती, मुद्दाम केलंय. टाके आडवे जातात, आडवी ओढ बसते, त्यामुळे गोल त्या दिशेने आकसतं आणि वर-खाली किंचित फुगतं. स्क्रीनवर अचूक गोल काढलं असतं तर कापडावर अंडं आलं असतं. सॉफ्टवेअरमधलं आपोआप डिजिटायझिंग करणारं बटण अशा बारकाव्यांमध्ये हमखास कमी पडतं, म्हणून माणसाकडूनच करून घ्या असं मी आग्रहाने सांगते.

यानंतर अक्षरं. नेहमीच्या 40 नंबरच्या दोऱ्यात पाच मिलिमीटरपेक्षा लहान इंग्रजी अक्षर नीट येत नाही, आतल्या पोकळ्या बुजतात. 60 नंबरचा बारीक दोरा आणि बारीक सुई घेतली तर अजून थोडं खाली जाता येतं. देवनागरीला मात्र उंची जास्तच द्यावी लागते. वेलांटी, मात्रा, रफार वर आणि उकार खाली, हे सगळं तेवढ्याच उंचीत बसवलं तर मूळ अक्षराला जागाच उरत नाही. शिवाय शिरोरेषा वेगळी भरली तर कापड आकसल्यावर अक्षर आणि रेषेमध्ये फट पडते. म्हणून दोन्ही एकमेकांवर थोडे चढवून घ्यायला सांगा. मराठी नावाचा लोगो असेल तर ही गोष्ट आवर्जून तपासा, मला हे नीट केलेलं फार कमी ठिकाणी दिसतं.

लोगोखालची बारीक टॅगलाइन काढून टाका. सावली आणि एका रंगातून दुसऱ्यात विरघळणारी छटाही काढा. 1927 मध्ये टेनिसपटू रने लाकोस्तने आपल्या ब्लेझरवर मगर भरून घेतली होती. पुढे 1933 पासून ती त्याच्या कंपनीच्या शर्टांवर आली. छोटा आकार, हातभर अंतरावरून ओळखू येणारा, त्याखाली एकही ओळ नाही. दोऱ्याला असलंच चित्र मानवतं.

आता कापड. पोलो, टी-शर्ट यांची होजियरीची कापडं ताणली जातात. त्यांच्यामागे बॅकिंग, म्हणजे आधाराचा थर लावायचा, तोही कडेचा जादा भाग कापून बाकी कायम राहणारा. घट्ट विणलेल्या, न ताणल्या जाणाऱ्या सुती शर्टाला फाडून काढायचं बॅकिंग चालतं. टॉवेल किंवा फ्लीस असेल तर वरून पाण्यात विरघळणारी फिल्म ठेवतात, नाहीतर टाके लवेत गडप होतात. आणि होजियरीचं कापड भरतकामाच्या फ्रेममध्ये ताणून बसवायचं नाही. ताणून भरलं तर फ्रेम काढल्याबरोबर कापड मागे येतं आणि लोगोभोवती चुण्या पडतात. त्या इस्त्रीने जात नाहीत.

काही ठिकाणी भरतकाम नकोच. पातळ टी-शर्टाच्या छातीभर भरीव चित्र केलं तर ते पुठ्ठ्यासारखं कडक होतं, अंगाला टोचतं. तिथे छपाईच करा. रेनकोटच्या कापडाला सुईने भोकं पडली की पाणी आत येणारच. तिथे लोगो वेगळ्या तुकड्यावर भरून तो चिकटवलेला बरा. टोप्यांचं गणित वेगळं आहे: गोलाकार पृष्ठभाग, मधली शिवण, त्यामुळे टाके मधून बाहेर आणि खालून वर जावे लागतात, नाहीतर कापड पुढे सरकत जाऊन गोळा होतं.

दोरा रेयॉनचा की पॉलिएस्टरचा? रेयॉनची चमक मऊ असते, सुरेख दिसते. पण ज्या गणवेशांना वारंवार धुणं आणि ब्लीच सोसावं लागतं, तिथे पॉलिएस्टरच घ्या.

दर बहुतेक ठिकाणी टाक्यांच्या संख्येवर ठरतो आणि डिजिटायझिंगचा खर्च एकदाच येतो. म्हणजे लोगोतली एक मोठी भरीव जागा रिकामी सोडली आणि तिथे कापडाचाच रंग दिसू दिला, तर पैसेही वाचतात आणि शर्टही मऊ राहतो.

ऑर्डर देण्याआधी तुमच्याच कापडाच्या तुकड्यावर नमुना भरून मागा. दुसऱ्या कापडावरचा नमुना काही उपयोगाचा नाही. तो घरी नेऊन एकदा धुवा, वाळवा, मग होकार द्या. आणि डिजिटायझिंगचे पैसे तुम्ही देत असाल तर टाक्यांची फाइल आपल्याला मिळेल का, हे काम सुरू होण्याआधीच विचारून घ्या. डीएसटी प्रकारची फाइल बहुतेक व्यावसायिक मशीनवर चालते. फक्त तिच्यात दोऱ्याचे रंग नोंदलेले नसतात, म्हणून रंगांचे नंबर वेगळ्या कागदावर लिहून घ्या.